काळ्या पडद्यावरची हिरवी पेशी: हे चित्र वाचायचं कसं?

कर्करोगावरची किंवा मेंदूवरची बातमी आली की तिच्याशेजारी हमखास एक चित्र असतं. काळीभोर पार्श्वभूमी, त्यावर निळे गोळे, त्यांच्याभोवती हिरव्या धाग्यांचं जाळं, मधूनमधून लाल ठिपके. पेशी खरंच अशी दिसते का? शाळकरी मुलं हा प्रश्न विचारतात आणि अनेकदा डॉक्टरही विचारतात. उत्तर सरळ आहे: नाही. बहुतेक पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. आणि ते चित्र टिपणारा कॅमेरासुद्धा बहुतेक वेळा कृष्णधवलच असतो. त्याला फक्त उजेड किती आला तेवढं कळतं. कुठला प्रकाश कुठल्या गाळणीतून आला हे यंत्राला ठाऊक असतं, त्यावरून रंग नंतर संगणकावर भरले जातात.

मग ते चित्र खोटं का? मुळीच नाही. उलट साध्या फोटोपेक्षा ते जास्त नेमकं असतं, कारण ते एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असतं. निळा रंग सांगतो, डीएनए कुठे आहे. हिरवा सांगतो, अमुक एक प्रथिन कुठे आहे. लाल सांगतो, तमुक कुठे आहे. पेशीत हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात, त्यातली बाकी सगळी त्या चित्रात अंधारात राहतात. ती तिथे नाहीत असं नव्हे, त्यांच्याबद्दल कुणी विचारलेलंच नाही. अशी चित्रं ज्या तंत्राने काढतात, त्या फ्लुओरेसन्स इमेजिंगबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी हीच सांगेन: या चित्रातला काळा भाग म्हणजे रिकामी जागा नव्हे.

मुंबईत हे काम अनेक ठिकाणी चालतं. कुलाब्याला नेव्हीनगरच्या टोकाशी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर आहे. पवईला आयआयटी आहे, आणि खाडीपलीकडे खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र. टीआयएफआर १९४५ साली होमी भाभांनी उभी केली ती मुख्यतः भौतिकशास्त्र आणि गणितासाठी, पण १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राचं काम सुरू केलं. या देशातल्या आधुनिक जीवशास्त्राचं एक मूळ आपल्या कुलाब्यात आहे, ही गोष्ट मुंबईकरांना फारशी माहीत नसते याचं मला खरंच वाईट वाटतं.

उजेड येतो कुठून?

दुकानात नोट तपासायला जांभळ्या दिव्याचं छोटं यंत्र असतं. त्याखाली नोट धरली की तिच्यावरचा क्रमांक आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू चमकायला लागतात. एरवी ते तंतू दिसतही नाहीत. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून त्यावर अतिनील टॉर्च मारला तर द्रव हिरवट-पिवळा उजळतो. टॉर्चकडे मात्र थेट बघू नका.

घडतं ते असं. काही रेणूंवर प्रकाश पडला की त्यांच्यातला इलेक्ट्रॉन ती ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातो. तिथे तो फार वेळ टिकत नाही. थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतो आणि काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, पुन्हा खाली येतो. येताना उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. हेच फ्लुओरेसन्स. वाटेत थोडी ऊर्जा गेलेली असल्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्या प्रकाशापेक्षा लांब तरंगलांबीचा असतो. निळा आत, हिरवा बाहेर. हिरवा आत, लालसर बाहेर. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर प्रयोग करून हा फरक नीट मांडला. मलेरियावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिलं गेलेलं तेच हे क्विनाइन.

रंगातला हा छोटासा बदल पेशीशास्त्राला वरदान ठरला. आत सोडलेला आणि बाहेर आलेला प्रकाश वेगळ्या रंगांचा असेल तर दोघांना वेगळं करता येतं. मायक्रोस्कोपच्या आत काचेचे तीन तुकडे बसवलेले असतात. पहिला दिव्यातून फक्त निळा प्रकाश आत सोडतो. दुसरा तिरका आरसा असतो, तो निळ्या प्रकाशाला पेशीकडे वळवतो आणि परत आलेल्या हिरव्याला आरपार जाऊ देतो. तिसरा कॅमेऱ्यापाशी उभा राहून चुकून सोबत आलेला निळा प्रकाश अडवतो. पेशीवर कितीही झगमगाट पडला तरी कॅमेऱ्यापर्यंत पोचतो तो फक्त त्या चमकणाऱ्या रेणूंचा उजेड. पार्श्वभूमी काळी का असते, ते यावरून कळतं. काळ्यावर थोडेसे फोटॉन, म्हणजे प्रकाशकणसुद्धा उठून दिसतात. पुढे तर एकेक रेणू पाहण्यापर्यंत मजल गेली.

नेमक्या रेणूलाच दिवा लावायचा

चमकणारा रंग पेशीवर नुसता ओतून काही साधत नाही. तो आपल्याला हव्या त्याच गोष्टीला चिकटला पाहिजे. काही रंग मुळातच तसे निवडक असतात. डॅपी नावाचा रंग डीएनएच्या खाचेत जाऊन बसतो आणि तिथे बसल्यावरच जोरात निळा चमकतो. चित्रांतले ते निळे गोळे म्हणजे बहुतेक वेळा डॅपी लावलेली केंद्रकं असतात. पेशीचा सांगाडा असलेल्या ॲक्टिनच्या धाग्यांना फॅलॉयडिन चिकटतं. हे 'डेथ कॅप' या जीवघेण्या विषारी अळंबीतलं द्रव्य आहे. त्याला चमकणारा रेणू जोडला की सांगाड्याचा धागा न् धागा दिसू लागतो.

पण प्रत्येक प्रथिनासाठी असा आयता रंग मिळत नाही. तिथे प्रतिपिंडं कामाला येतात. आपलं शरीर जंतूंना ओळखायला जी प्रतिपिंडं बनवतं, त्याच जातीची, एखाद्या ठरावीक प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करून त्यांना रंग जोडायचा. अल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये ही पद्धत आणली आणि आजही ती जगभर रोज वापरली जाते. तिची एक अडचण आहे. प्रतिपिंड पेशीच्या आत पोचावं म्हणून पेशीच्या आवरणाला भोकं पाडावी लागतात आणि त्याआधी फॉर्मल्डिहाइडसारख्या रसायनाने सगळं जागच्या जागी पक्कं करावं लागतं. म्हणजे पेशी मेलेली असते. ती कुठे काय करत होती ते कळतं, पण पुढे काय करणार होती ते कळत नाही.

जिवंत पेशीत दिवा लावायची वाट दाखवली ती एका जेलीफिशने. ओसामु शिमोमुरा हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा करून त्यांच्या कडेची चमक कशामुळे येते ते शोधत होते. १९६२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात एका हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची नोंद होती. तेच जीएफपी. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं करून वाचलं. मग १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जनुक आधी जिवाणूत आणि नंतर एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक सूत्रकृमीत घातलं, आणि त्या कृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशी जिवंतपणी हिरव्या चमकल्या.

यात मोठी गोष्ट ही की जीएफपीला बाहेरून कुठलंही रसायन पुरवावं लागत नाही. ते २३८ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे. घडी पडली की त्याच्या पोटातली तीन शेजारची अमिनो आम्लं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने आपोआप चमकणारा रेणू बनतात. त्यामुळे हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडून दिलं की पेशी स्वतःच ते प्रथिन दिव्यासकट तयार करते. रॉजर त्सिएन यांनी त्यात फेरफार करून ते अधिक तेजस्वी केलं आणि निळे, पिवळे, लाल असे भाऊबंद मिळवून दिले. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रॅशर यांचं संशोधन पैशांअभावी आधीच थांबलं होतं आणि नोबेल जाहीर झालं तेव्हा ते एका मोटारींच्या दुकानासाठी गाडी चालवत होते. या तंत्राची गोष्ट सांगताना त्यांचं नाव गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

कुलाब्यातली वाहतूककोंडी

चाल्फींनी उजळवलेल्या त्याच कृमीवर, सी. एलेगन्सवर, टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा काम करते. त्यांचा विषय आहे चेतापेशीतली मालवाहतूक. चेतापेशीचं मुख्य अंग एका टोकाला असतं आणि तिची शेपटी, म्हणजे अक्षतंतू, लांबवर गेलेली असते. माणसाच्या कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर भरतो. टोकाला लागणारा माल मात्र बहुतांशी मुख्य पेशीतच तयार होतो, मग पिशव्यांत भरला जातो आणि मोटर-प्रथिनं त्या पिशव्या रुळासारख्या नलिकांवरून ओढून नेतात. वेग साधारण सेकंदाला एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशेब करून पाहा: न थांबता गेलं तरी मीटरभर अंतराला अकरा-बारा दिवस लागतात.

आता पिशव्यांवरच्या एखाद्या प्रथिनाला जीएफपी जोडलं की अंधारात हिरवे ठिपके पुढेमागे पळताना दिसतात. व्हिडिओ मोहक असतो, पण नुसता बघून शास्त्र होत नाही, मोजावं लागतं. त्यासाठी व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममधून अक्षतंतूची तेवढी एक रेषा कापायची आणि अशा रेषा एकाखाली एक लावत जायच्या. आडव्या दिशेला अंतर, उभ्या दिशेला वेळ. थांबलेला ठिपका सरळ उभी रेघ काढतो, पळणारा तिरकी. रेघ जितकी आडवी तितका वेग जास्त. याला कायमोग्राफ म्हणतात. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्यांच्या धावण्याचा अंतर-वेळ आलेख काढतात तो पाहिला असेल, तर कायमोग्राफ तुम्हाला लगेच वाचता येईल. गाडी कुठे अडकली, तिच्या मागे कोण खोळंबलं, सगळं रेघांवरूनच दिसतं.

या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'ट्रॅफिक जॅम' हे शब्द आहेत. अक्षतंतूत जिथे ॲक्टिन दाट असतं तिथे काही पिशव्या थांबून गर्दी करतात आणि मागून येणाऱ्या पिशव्याही तिथे अडकतात, असं त्यांना जिवंत कृमींमध्ये दिसलं. हा नुसता कृमीचा प्रश्न नाही. कृमीत या पिशव्या ओढणाऱ्या मोटरचा माणसातला जोडीदार केआयएफ१ए नावाने ओळखला जातो. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांचे पाय ताठरतात, काहींची दृष्टीची चेता सुकत जाते. आजाराचं मूळ शोधायचं तर मोटर कशी चालते आणि कुठे अडते हे चालत्या मोटरकडे पाहूनच कळणार.

इथे एक बारकावा आहे. या पिशव्या जेमतेम ४०-५० नॅनोमीटर रुंद असतात (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला तर मर्यादा आहे. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ती सांगितली: प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. हिरव्या प्रकाशाला आणि तेलाचा थेंब लावून वापरायच्या सर्वोत्तम भिंगाला हा आकडा १८० ते २०० नॅनोमीटर येतो. मग ४० नॅनोमीटरची पिशवी दिसते कशी? एकटी असेल तर दिसते, कारण ती स्वतः उजेड देते. फक्त २०० नॅनोमीटरचा पसरट ठिपका म्हणून दिसते. तिच्या अगदी शेजारी दुसरी असेल तर दोन मिळून एकच ठिपका दिसतो. म्हणून ठिपक्यांवरून पिशव्यांची संख्या सांगताना फार जपावं लागतं. ही मर्यादा ओलांडायच्या युक्त्याही सापडल्या आहेत. एका पद्धतीत एका वेळी मोजकेच रेणू चमकू द्यायचे, प्रत्येकाचा मध्यबिंदू नोंदवायचा आणि हजारो फ्रेम जोडून एक चित्र बनवायचं. त्यात २०-३० नॅनोमीटरपर्यंतचे तपशील मिळतात. एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना या दिशेच्या कामासाठी २०१४ चं नोबेल मिळालं.

चित्रावर विश्वास कधी ठेवायचा

सुंदर चित्र काढणं अवघड नाही. खरं चित्र काढणं अवघड आहे, आणि प्रयोगशाळेतला बहुतेक वेळ त्यातच जातो.

पेशीत काही द्रव्यं मुळातच थोडी चमकतात, म्हणून रंग न लावलेली पेशीही त्याच सेटिंगवर पाहावी लागते. प्रतिपिंड भलत्याच ठिकाणी चिकटू शकतं, म्हणून ज्या पेशीत ते प्रथिन मुळातच नाही अशी पेशी शेजारी ठेवून तुलना करावी लागते. दोन रंग वापरले की एकाचा उजेड दुसऱ्याच्या गाळणीतून झिरपतो; मग दोन प्रथिनं एकत्र असल्याचा खोटाच भास होतो. जीएफपी जोडल्यामुळे प्रथिनाचं वागणंच बदललं नाही ना, हेही तपासावं लागतं. अशा तुलनेच्या नमुन्यांना कंट्रोल म्हणतात. माझ्या मते शोधनिबंधातलं सगळ्यात सुंदर चित्र म्हणजे ते कंट्रोलचं, पूर्ण काळं चित्र. काही दिसायला नको होतं आणि खरंच काही दिसलं नाही, हे त्याने सिद्ध केलेलं असतं.

प्रकाशही फुकट मिळत नाही. चमकता चमकता रेणू थकतात आणि कायमचे विझतात. जोरदार निळ्या प्रकाशाने पेशीत विषारी ऑक्सिजनसंयुगं तयार होतात आणि जिवंत पेशी अक्षरशः भाजून निघते. म्हणून जाणता संशोधक दिवा वाढवत नाही, कमी करतो, आणि थोडं धूसर चित्र चालवून घेतो. याच विझण्याचा कुणीतरी उपयोगही करून घेतला: पेशीतला एक तुकडा मुद्दाम लेसरने विझवायचा आणि बाजूचे चमकते रेणू तिथे किती वेळात येऊन भरतात ते मोजायचं. प्रथिन मोकळं फिरतंय की कशाला बांधलेलं आहे, ते त्यावरून कळतं.

मुंबईत यात हवामानाची भर पडते. पावसाळ्यात दमटपणा नव्वदीच्या घरात जातो आणि भिंगांवर बुरशी धरते. एकदा ती काचेवरच्या लेपात शिरली की भिंग पूर्वीसारखं होत नाही. म्हणून मायक्रोस्कोपच्या खोलीतला एसी सहसा बंद करत नाहीत. शिवाय खोलीचं तापमान हललं की धातू प्रसरण पावतो आणि नॅनोमीटरच्या हिशेबात फोकस सरकतो. मानवी पेशींना मात्र ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हवा, त्यामुळे थंड खोलीत यंत्रावर त्यांच्यासाठी वेगळी ऊबदार पेटी बसवावी लागते.

आपल्या हातातल्या रिपोर्टमध्ये

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. टीबीच्या तपासणीत थुंकीच्या स्लाइडवर ऑरामाइन हा रंग टाकतात. टीबीच्या जंतूच्या मेणचट भिंतीत तो अडकून बसतो आणि काळ्या पडद्यावर पिवळट-हिरव्या काड्या दिसतात. जुन्या लाल रंगाच्या पद्धतीपेक्षा इथे कमी ताकदीचं भिंग चालतं, एका नजरेत जास्त जागा दिसते, स्लाइड लवकर तपासून होते आणि जंतू सुटण्याची शक्यताही कमी होते. पूर्वी यासाठी पाऱ्याचा महागडा दिवा लागायचा, तो काहीशे तासांत संपायचा. आता एलईडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून त्याचीच शिफारस केली आहे. मुंबईसारख्या टीबीने गांजलेल्या शहरात दिव्यातला हा बदल फार मोलाचा आहे.

कोविडच्या काळात घराघरांत 'सीटी व्हॅल्यू' विचारली जायची. तो आकडाही फ्लुओरेसन्सचाच. आरटीपीसीआरमध्ये चमकणारा रेणू आणि त्याचा उजेड गिळणारा दुसरा रेणू एकाच धाग्यावर शेजारी बसवलेले असतात. विषाणूचं जनुकीय द्रव्य असेल तर त्याची नक्कल करताना तो धागा तुटतो, दोघं दूर होतात आणि उजेड पडतो. दर फेरीला नकला साधारण दुप्पट होतात. कितव्या फेरीला उजेड ठरलेल्या पातळीवर गेला, ती सीटी. वीस आणि तीस या आकड्यांत म्हणजे सुमारे हजारपट फरक. पण नाकातला नमुना कसा घेतला यावरही तो आकडा हलतो. म्हणून त्यावरून आजार किती गंभीर आहे ते ठरवू नका, असं आयसीएमआरने तेव्हाच सांगितलं होतं.

आणि स्तनाच्या कर्करोगात एचईआर२ या पेशीची वाढ चेतवणाऱ्या प्रथिनाची चाचणी. आधी गाठीच्या तुकड्यावर प्रतिपिंडांचा साधा रंग लावून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. तीन आली तर उत्तर होकारार्थी, शून्य किंवा एक आली तर नकारार्थी. दोन आली की उत्तर अधांतरी राहतं, आणि तेव्हा 'फिश' (फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन) चाचणी करतात. यात एचईआर२ च्या जनुकाला नारिंगी आणि ते ज्या गुणसूत्रावर असतं त्या सतराव्या गुणसूत्राच्या मध्यभागाला हिरवा असा डीएनएचा चमकता तुकडा चिकटवतात. मग डॅपीने निळ्या केलेल्या केंद्रकांत पॅथॉलॉजिस्ट एकेक ठिपका मोजतात, निदान वीस पेशींमध्ये. नारिंगी ठिपके हिरव्यांच्या दुप्पट किंवा जास्त निघाले आणि दर पेशीमागे सरासरी चार किंवा अधिक असले, तर एचईआर२ वर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅबसारख्या औषधाचा त्या रुग्णाला उपयोग होण्याची शक्यता असते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना या रिपोर्टमध्ये गुणोत्तर, सरासरी आणि मोजलेल्या पेशींची संख्या हे तिन्ही आकडे आहेत का ते पाहून घ्या, आणि पहिल्या हॉस्पिटलमधून स्लाइडसोबत गाठीचा तुकडा जतन केलेला मेणातला ब्लॉकही मागून घ्या. चाचणी पुन्हा करायची वेळ आली तर तोच लागतो.